रंग चुकवायचा, उजेड नाही

मोबाइलवरच्या कुठल्याही फोटो-अ‍ॅपमध्ये रंगांची तीव्रता वाढवणारी एक पट्टी असते. ती उजवीकडे शेवटपर्यंत ओढली की आकाश निळंशार होतं, गवत विषारी हिरवं दिसायला लागतं आणि माणसांचे चेहरे नारिंगी पडतात. अशी हजारो चित्रं ‘फॉव्ह शैलीतलं डिजिटल आर्ट’ म्हणून इंटरनेटवर फिरत असतात. (फॉव्ह हा १९०५ च्या सुमाराचा, पॅरिसमधल्या चित्रकारांचा एक गट.) फॉव्ह म्हणजे भडक आणि भडक म्हणजे फॉव्ह, इतका सोपा हिशोब. त्यातला पहिला अर्धा जेमतेम खरा आहे, दुसरा साफ खोटा. फॉव्ह चित्रकारांनी रंग नुसते वाढवले नाहीत, बदलले. काय बदलायचं नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्क्रीनवर चित्र काढणाऱ्यांनी त्यांच्याकडून घ्यायचं ते हे दुसरं.

आधी ही मंडळी कोण ते पाहू. पॅरिसमध्ये १९०३ साली ‘सालोन दोतोन’ हे शरद ऋतूतलं वार्षिक प्रदर्शन सुरू झालं. १९०५ मध्ये ते ग्रां पाले या भव्य इमारतीत भरलं होतं. सात नंबरच्या दालनात आंरी मातीस, आंद्रे देरँ, मोरिस व्लामँक, आल्बेर मार्के, आंरी मांगँ आणि शार्ल कामवँ यांची चित्रं एकत्र लागली. त्याच दालनात आल्बेर मार्क नावाच्या शिल्पकाराचं जुन्या इटालियन वळणाचं, गोड, शांत काम ठेवलेलं होतं. लुई व्होसेल या समीक्षकाने ‘जिल ब्लास’ या वृत्तपत्रात लिहिलं की हा तर श्वापदांच्या तावडीत सापडलेला दोनातेल्लो! (दोनातेल्लो हा पंधराव्या शतकातला फ्लोरेन्सचा थोर शिल्पकार.) श्वापदांना फ्रेंचमध्ये ‘फॉव्ह’ म्हणतात. टोमणा होता, पण नाव चिकटलं. या गटाचा ना कुठला जाहीरनामा होता, ना कुणी पदाधिकारी. १९०८ च्या सुमारास बहुतेक जण आपापल्या वाटेला लागले होते. या रंगांत काही काळ रमलेला जॉर्ज ब्राक तर पिकासोबरोबर क्यूबिझमकडे, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणाऱ्या शैलीकडे वळला, आणि त्यात रंग जवळजवळ हद्दपारच झाले.

त्या दालनातल्या ज्या चित्रावर लोक सर्वांत जास्त भडकले ते म्हणजे मातीसचं ‘टोपी घातलेली स्त्री’. समोर बसलेली स्त्री म्हणजे त्याची बायको अमेली. कपाळावर आणि नाकावर हिरवा, गालांवर पिवळा आणि गुलाबी, मानेवर शेंदरी आणि डोक्यावर निळ्या-जांभळ्या-हिरव्या रंगांचा डोलारा. अमेलीने त्या दिवशी नेमके कुठल्या रंगाचे कपडे घातले होते, असं कुणीतरी विचारल्यावर मातीस म्हणाला, ‘अर्थातच काळे,’ असा किस्सा सांगतात. हे चित्र स्टाइन या अमेरिकन कुटुंबाने ५०० फ्रँकना विकत घेतलं. आज ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

या चित्राचा फोटो इंटरनेटवरून उतरवून घ्या आणि मोबाइलमध्येच तो कृष्णधवल करा. हिरवं नाक गायब होतं आणि उरतो एक बऱ्यापैकी नेहमीचा, ओळखू येणारा चेहरा. कपाळ कुठे वळतं, नाक कुठे पुढे येतं, टोपीची छाया कुठे पडते, सगळं जागच्या जागी. मातीसने त्वचेचा रंग टाकून भलताच रंग लावला, पण त्या जागी जेवढा उजेड होता साधारण तेवढाच उजेड असलेला भलता रंग लावला. युक्तीचा गाभा एवढाच आहे.

हे चालतं कसं? डोळ्यांतून आलेल्या माहितीवर मेंदूत एकाच ठिकाणी काम होत नाही. वस्तू किती लांब आहे, तिचा उंचसखलपणा कसा आहे, ती हलते का, हे ठरवणारी यंत्रणा मुख्यतः उजेड-अंधारावर चालते आणि रंगांच्या बाबतीत जवळजवळ आंधळी असते. रंग ओळखणारी यंत्रणा बरीचशी वेगळी. हार्वर्डच्या मेंदूवैज्ञानिक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी चित्रकलेच्या अंगाने हे फार छान समजावून सांगितलं आहे. म्हणजे अमेलीच्या चेहऱ्याकडे बघताना मेंदूचा एक भाग ‘हा चेहरा आहे, ठीक आहे’ म्हणून निवांत असतो आणि त्याच वेळी दुसरा भाग ‘अरे, पण हिरवा?’ म्हणून ओरडत असतो. चित्र जिवंत वाटतं ते या भांडणामुळे. तीव्रतेची पट्टी ओढून हे भांडण लागत नाही. तिथे आकाश निळंच राहतं, फक्त जास्त निळं. पहिला भाग खूश, दुसराही खूश, आणि आपण पुढच्या फोटोकडे.

फ्लेक्सवरचे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे रंग घ्या. त्यापेक्षा भडक काही नसेल, पण त्यात फॉव्ह काही नाही, कारण एकही रंग चुकीच्या जागी नाही. भाऊंचा शर्ट पांढरा तो पांढराच, गंध लाल ते लालच.

नाकावरची हिरवी पट्टी

त्याच वर्षीचं मातीसचं आणखी एक चित्र आहे, आकाराने अगदी छोटं, साधारण ४० बाय ३२ सेंटिमीटर. मोठ्या वहीच्या पानाएवढं. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात ते आहे आणि ‘हिरवी पट्टी’ याच नावाने ओळखलं जातं. पुन्हा अमेलीच. केस निळसर काळे, वर बांधलेले. कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत एक हिरवा पट्टा उतरतो. त्याच्या एका बाजूचा चेहरा पिवळसर, दुसऱ्या बाजूचा गुलाबी. मागची भिंतही दुभंगलेली: एकीकडे हिरवी, दुसरीकडे जांभळट-गुलाबी आणि खाली शेंदरी.

पहिल्यांदा बघताना हा पट्टा खोडसाळपणा वाटतो. पण एखाद्या खिडकीजवळ कुणाला बसवून बघा. चेहऱ्याची एक बाजू उजेडात, दुसरी सावलीत, आणि दोन्हींची सीमा नेमकी नाकाच्या दांडीवरून जाते. शिकलेला चित्रकार तिथे तपकिरी रंगाच्या चार-पाच छटा हळूहळू गडद करत नेतो. मातीसने ते सगळं काम एका हिरव्या पट्ट्यावर सोपवलं. उजेडाची बाजू ऊबदार पिवळी आणि सावलीची बाजू थंड गुलाबी केल्यामुळे सावली काळवंडलेली न दिसता चेहरा वळतो. आणि गुलाबी बाजूच्या मागे भिंत हिरवी ठेवल्यामुळे तो गाल भिंतीत बुडत नाही, पुढे येतो. इथे एकही रंग लहर आली म्हणून लावलेला नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याशी काहीतरी काम आहे.

महाराष्ट्रात शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना रंगचक्र आठवत असेल: लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. विरोधी रंग शेजारी ठेवले की दोन्ही पेटतात, हे आपण डिझाइनच्या पेपरला मुकाट्याने वापरलं. पण स्मरणचित्राच्या पेपरला आभाळ निळं, डोंगर जांभळट, झाड हिरवं, कौलं लाल हा करार आपण कधी मोडला नाही. फॉव्ह चित्रकारांनी डिझाइनच्या पेपरचा नियम स्मरणचित्राच्या पेपरला लावला म्हटलं तरी चालेल.

या नियमाच्या मागे एक सुरस गोष्ट आहे. पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी गालिचा-कारखान्यात मिशेल शेव्हरूल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग नीट चढत नाही, फिका वाटतो, अशा तक्रारी त्यांच्याकडे यायच्या. त्यांनी रंग तपासला, तर रंग निर्दोष. दोष शेजारच्या धाग्याचा होता. गडद निळ्या-जांभळ्याच्या शेजारी काळा मरगळतो, कारण प्रत्येक रंग आपल्या विरोधी रंगाची झाक शेजाऱ्यावर टाकतो. १८३९ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे चित्रकारांच्या दोन-तीन पिढ्यांनी त्याचा आधार घेतला.

शेव्हरूल यांचा परिणाम कापडात नसतो, कॅनव्हासमध्येही नसतो, तो आपल्या डोळ्यांत घडतो. म्हणून तो स्क्रीनवरही तसाच चालतो. एक करडा चौकोन नारिंगी पार्श्वभूमीवर ठेवा, तोच चौकोन निळ्यावर ठेवा. पहिला निळसर वाटेल, दुसरा पिवळट. आयड्रॉपरने, म्हणजे चित्रातला रंग उचलून दाखवणाऱ्या साधनाने तपासलं तर दोन्हींचा कोड एकच. डिजिटल चित्रकारांची एक नेहमीची चूक यातूनच होते. कोपऱ्यातल्या रंग निवडायच्या चकतीवर रंग सुंदर दिसतो म्हणून उचलला जातो आणि चित्रात गेल्यावर तो मरतो. रंगाला स्वतःचं असं रूप नसतंच, त्याचा शेजार त्याला रूप देतो.

१९०५ च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरँ हे दोघं स्पेनच्या सीमेजवळच्या कोल्यूर या मासेमारीच्या गावी राहिले. फॉव्ह रंगांचा खरा जन्म तिथला, पॅरिसमधला नाही. तिथे मातीसने एका किनाऱ्याचं चित्र केलं, वाळू चक्क लाल. ती वाळू प्रत्यक्षात पिवळी होती आणि दुसऱ्या दिवशी आपण पिवळा रंग लावूनही पाहिला, पण तो अजिबात जमेना म्हणून परत लालावर आलो, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. बंडखोर वगैरे म्हणून आपण ज्याची प्रतिमा रंगवतो तो माणूस खरा रंग लावून बघतो, तो चित्रात बसत नाही म्हणून काढतो. डाव्या-उजव्या बाजूचा निळा आणि हिरवा त्याला लाल मागत होते, एवढंच.

पट्टी खोटं बोलते

आता स्क्रीनकडे वळू. स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका तीन दिव्यांनी पेटतो: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक दिव्याला ० ते २५५ अशा पायऱ्या, त्यामुळे एकूण सुमारे १ कोटी ६८ लाख रंग. देरँकडे ट्यूबमधून येणारे मोजके रंग होते. आपल्याकडे कोट्यवधी आहेत आणि तेही फुकट. अडचण तिथेच सुरू होते, कारण हे तीन दिवे डोळ्याला सारखे उजळ वाटत नाहीत. पूर्ण पांढऱ्या स्क्रीनचा उजेड १०० धरला तर त्यातला सुमारे ७२ हिरव्याचा, २१ लालाचा आणि जेमतेम ७ निळ्याचा. शुद्ध पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे ९३. शुद्ध निळा ७. एक जवळपास पांढरा, दुसरा जवळपास काळा.

पण रंग निवडायच्या खिडकीत बघा. रंग, तीव्रता आणि उजळपणा अशा तीन पट्ट्या असतात आणि तिथे शुद्ध पिवळ्याचा उजळपणा १०० टक्के लिहिलेला असतो. शुद्ध निळ्याचाही १०० टक्केच! सॉफ्टवेअरच्या हिशोबाने ‘सगळ्यात जोरात पेटलेला दिवा किती’ एवढंच ते मोजतं. डोळ्याला काय वाटतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून ‘उजळपणा तोच ठेवून फक्त रंग फिरवला’ असं समजून नाकावर हिरवा लावला तर तो हिरवा ट्यूबलाइटसारखा डोळ्यांवर येतो, सावली सावली राहत नाही आणि चेहरा मोडतो. फॉव्ह पद्धतीच्या डिजिटल चित्रांत गडबड होते ती बहुतांशी इथे.

उपाय सोपा आहे. सगळ्यात वर एक नवीन लेयर, म्हणजे चित्राचा वेगळा थर घ्या, तो पूर्ण काळ्या रंगाने भरा आणि त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरांत मिसळायची पद्धत) ‘कलर’ करा. खालचं सगळं चित्र कृष्णधवल दिसायला लागतं. प्रोक्रिएट, फोटोशॉप आणि फुकट मिळणारं क्रिटा, चित्रं काढायच्या या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. हा लेयर दाखवणारं-लपवणारं डोळ्याचं चिन्ह अधूनमधून उघडायचं, बंद करायचं. कृष्णधवलमध्ये चित्र कळत असेल तर वर कितीही धुडगूस घालायला मोकळीक. फोटोशॉपमधली नुसती रंग काढून टाकण्याची ‘डीसॅच्युरेट’ ही आज्ञा मात्र या कामाची नाही, ती शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्हींना एकाच करड्यात टाकते.

रंगचक्राचाही एक घोळ आहे. शाळेतल्या चक्रावर लालसमोर हिरवा असतो, सॉफ्टवेअरच्या चक्रावर लालसमोर निळसर-हिरवा, म्हणजे सायन येतो, कारण ते चक्र रंगद्रव्याचं नसून प्रकाशाचं आहे. मातीसच्या गुलाबीसमोरचा हिरवा हवा असेल तर बरोबर १८० अंश फिरवून तो मिळणार नाही. थोडं अलीकडे, पानाच्या हिरव्याकडे थांबावं लागतं. यात बरोबर-चूक काही नाही, दोन वेगळे हिशोब आहेत. पण आपण कुठल्या हिशोबाने चाललोय हे माहीत असलेलं बरं.

रंग मिसळण्यातही स्क्रीन दगा देतो. पिवळ्यात निळा घातला की हिरवा होतो, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये शुद्ध पिवळ्यात शुद्ध निळा मिसळला की करडा चिखल होतो, कारण तिथे मिसळतात ते नुसते आकडे. खरं रंगद्रव्य काही प्रकाश शोषतं, काही परत फेकतं. त्याचं गणित कुबेल्का आणि मुंक या दोघांनी १९३१ मध्ये मांडलं होतं. त्या गणितावर बेतलेली ‘मिक्सबॉक्स’ नावाची पद्धत २०२१ मध्ये आली आणि ‘रिबेल’ या सॉफ्टवेअरच्या प्रो आवृत्तीत ती वापरता येते. तिथे पिवळा अधिक निळा खरंच हिरवा होतो. चांगली सोय आहे. पण फॉव्ह पद्धतीसाठी तिची फारशी गरज नाही असं माझं मत. ही मंडळी रंग मिसळण्यापेक्षा ट्यूबमधून जवळजवळ थेट लावत आणि दोन रंगांच्या मध्ये कॅनव्हासचा पांढरा तसाच सोडत. डिजिटलमध्ये याचं भाषांतर असं: ब्रश कडक, पारदर्शकता शून्य आणि रंग फासून एकमेकांत मिसळणारं स्मज टूल कपाटात.

तो सोडलेला पांढरा मात्र स्क्रीनवर जसाच्या तसा उचलू नये. कॅनव्हासचा पांढरा मातकट असतो. स्क्रीनचा पांढरा म्हणजे तिन्ही दिवे पूर्ण पेटलेले, त्याच्या शेजारी सगळे रंग मळकट वाटतात. पार्श्वभूमी थोडी खाली, किंचित पिवळसर घेतली की तीच फट रंगांना श्वास देते.

हर्णै बंदर, पाच रंगांत

समजा समोर हर्णै बंदराचा दुपारचा फोटो आहे. पुढे वाळू, वाळूवर ओढून ठेवलेली एक होडी आणि तिची सावली, मागे समुद्र, पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग, वर आकाश. आधी रंग विसरून फक्त उजेडाची उतरंड लावायची. आकाश सर्वांत उजळ, त्याखालोखाल कोरडी वाळू, मग समुद्र, मग किल्ल्याची तटबंदी, आणि सगळ्यात गडद होडीची सावली. पाच पायऱ्या. याचं कच्चं चित्र फक्त करड्या रंगांत करून ठेवा.

आता एक निर्णय घ्या, एकच. वाळू गुलाबी. मातीसची आठवण म्हणून समजा, किंवा उगाच. त्यानंतरचे निर्णय पुष्कळसे आपोआप येतात. गुलाबी पेटायला हवी असेल तर शेजारचा समुद्र हिरव्याकडे न्यावा लागेल. पट्टीवर निळ्याएवढाच उजळपणा ठेवून हिरवा घेतलात तर समुद्र वाळूपेक्षा उजळ होईल आणि उतरंड कोसळेल, म्हणून हिरवा बराच खाली उतरवायचा, जवळजवळ बाटलीच्या काचेपर्यंत. होडीची सावली करडी करायची नाही. ती गुलाबी वाळूवर पडलेली आहे, तर तिला समुद्राच्या हिरव्याचाच आणखी गडद, थोडा निळ्याकडे झुकलेला भाऊ द्या. किल्ला जांभळा. जांभळ्यासमोर पिवळा हवा, तर आकाश फिकट लिंबू. आकाश आधीच सर्वांत उजळ होतं आणि पिवळा हा मुळातच उजळ रंग, त्यामुळे ते सहज जमतं. होडी खरी निळी असेल तर निळी राहू दे, किंवा तिच्या कडेला शेंदरी रेघ ओढा. वरचा काळा लेयर उघडा. कृष्णधवलमध्ये दुपारचं बंदर दिसलं की काम झालं.

एका गोष्टीचा इशारा. सगळी फॉव्ह चित्रं या कसोटीला उतरत नाहीत. कोल्यूरच्या काही निसर्गचित्रांत खोली मुद्दाम मोडलेली आहे, दूरचा डोंगरही जवळच्या छपराइतकाच जोरात ओरडतो, कारण चित्र सपाट पृष्ठभाग आहे हे त्यांना लपवायचं नव्हतं. देरँने १९०६-०७ मध्ये आंब्रुआझ व्होलार या चित्रविक्रेत्याच्या सांगण्यावरून लंडनची ३० चित्रं केली, त्यांत थेम्सच्या पाण्यावर पिवळे आणि निळे तुकडे नाचतात आणि पूल-इमारती निळ्या-हिरव्या होतात. तिथे उजेडाचा हिशोब त्याने कुठे पाळला, कुठे झुगारला. झुगारण्याआधी तो येत असावा लागतो, ही जुनीच गोष्ट.

स्क्रीनवर हे सगळं करून दाखवणारा मोठा चित्रकार म्हणजे डेव्हिड हॉकनी. तो फॉव्ह नाही, पण रंगांच्या बाबतीत त्याचं मातीसशी नातं उघड आहे. सत्तरी ओलांडल्यावर, २००९ च्या सुमारास, त्याने आयफोनवर ‘ब्रशेस’ या अ‍ॅपमध्ये बोटाने चित्रं काढायला सुरुवात केली. तेव्हा तो इंग्लंडच्या ब्रिडलिंग्टन या समुद्रकाठच्या गावी राहत होता. पहाटे बिछान्यातूनच तो खिडकीबाहेरचं उजाडणं रंगवायचा. कागद आणि रंग घ्यायचे तर दिवा लावावा लागतो आणि दिवा लावला की पहाट संपते. फोन स्वतःच उजेडाचा. २०१० मध्ये आयपॅड आला आणि पुढच्या वर्षी त्याने वोल्डगेट नावाच्या एका साध्या ग्रामीण रस्त्यावर वसंत कसा येतो याची मालिका केली. त्यातली ५१ आयपॅड-चित्रं मोठ्या आकारात छापून २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत लागली. डांबरी रस्ता त्यात जांभळट-गुलाबी होतो आणि तरी तो ओला रस्ताच वाटतो. नंतर फ्रान्समध्ये नॉर्मंडीला राहायला गेल्यावर त्याने वर्षभराच्या ऋतूंचा सुमारे ९० मीटर लांबीचा आयपॅड-पट केला, तो २०२१ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात मांडला गेला.

मग एआय काय करतो?

२०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथल्या गाटिस, एकर आणि बेटगे या तिघांनी एक पद्धत मांडली: एका फोटोचा विषय आणि दुसऱ्या चित्राची शैली घेऊन तिसरं चित्र तयार करायचं. पुढच्या वर्षी ‘प्रिझ्मा’ या अ‍ॅपमुळे अशा प्रकारची चित्रं घरोघरी पोचली. ट्यूबिंगेनच्या पद्धतीचं आतलं काम थोडक्यात असं. फोटोतल्या वस्तू ओळखायला शिकवलेलं एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी, थराथरांची संगणकीय रचना घेतात. त्याचे सुरुवातीचे थर कडा, रंग, फटकारे असलं बारीकसारीक टिपतात, वरचे थर डोळा, चाक, झाड असलं मोठं. ‘विषय’ म्हणजे वरच्या थरांना कुठे काय दिसलं ते. आणि ‘शैली’ म्हणजे कुठली वैशिष्ट्यं कुठल्या वैशिष्ट्यांबरोबर एकत्र आढळतात याचा सबंध चित्रभर केलेला हिशोब, ज्यात जागा गाळलेली असते. हिरवा फटकारा गुलाबीबरोबर किती वेळा आला हे त्या हिशोबात असतं, तो नाकावर आला की पडद्यावर हे नसतं.

फॉव्ह चित्रकाराचा सगळा खेळ मात्र जागेचाच आहे. हिरवी पट्टी नाकावरून काढून कानाजवळ नेली की ती नुसता डाग होते. म्हणून ही पद्धत व्हॅन गॉगच्या ‘तारांकित रात्री’वर झकास चालते, कारण तिथे सगळीकडे सारखाच वळणदार फटकारा आहे. मातीस दिला की मात्र चेहऱ्यावर रंगपंचमी होते. आताची मजकुरावरून चित्र करणारी मॉडेल्स बरीच पुढे गेली आहेत, चेहरा चेहरा ठेवून रंग बदलणं त्यांना जमतं. तरी ‘फॉव्ह शैलीत’ असं सांगितलं की ती पुष्कळदा सगळं चित्र एकाच पातळीवर तीव्र करून देतात. मातीसकडे शांत करड्या-गुलाबी जागाही असतात, त्या या चित्रांत हटकून हरवतात. वापरायचंच असेल तर मी म्हणेन, चित्र करून घेण्यापेक्षा पर्याय बघायला वापरा. गुलाबी वाळूबरोबर समुद्राचे आठ रंग बघायचे, त्यांतला एक निवडायचा आणि मग हाताने लावायचा.

चित्र छापायचं असेल तर आणखी एक धक्का बसतो. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा, शुद्ध निळा आणि काही जांभळे नेहमीच्या चार शाईंच्या छपाईत उतरतच नाहीत, मळतात. ते आधीच तपासायला सॉफ्टवेअरमध्ये छपाईचा प्रीव्ह्यू असतो. रंग फिके पडणारच असतील तर उरलेले रंगही त्यांच्यासोबत खाली आणावेत, म्हणजे शेजार टिकतो. एकच रंग वाचवायला गेलं की चित्र बिघडतं. जास्त शाईंच्या फाइन-आर्ट प्रिंटमध्ये बरंच वाचतं, पण खर्च वाढतो.

राहिला प्रश्न हक्कांचा. मूळ चित्राचा तुकडा उचलून आपल्या कामात वापरायचा असेल तर तारखा बघाव्या लागतात. मातीस आणि देरँ दोघंही १९५४ मध्ये वारले. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे इथे त्यांची चित्रं २०१५ पासून मोकळी आहेत. युरोपीय संघात ७० वर्षं, म्हणजे २०२५ पासून. व्लामँक १९५८ मध्ये वारला. भारतात त्याची चित्रं २०१९ पासून वापरता येतात, युरोपात मात्र २०२८ संपेपर्यंत थांबावं लागेल. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून फोटो घेणार असाल तर त्या फोटोच्या वापराच्या अटी वेगळ्या वाचाव्यात, चित्र मोकळं असलं तरी त्या असू शकतात.